पाच मिनिटांपुरती खुर्ची

या दिवाळी अंकाचे संपादक माझे कॉलेजातले मित्र. त्यांचा फोन आला. म्हणाले, "इतकी वर्षं ट्रक चालवून राह्यला तू, एखादा दरोडा लिही. नाहीतर अपघात लिही. लोक आवडीनं वाचतात."

मी म्हणालो, "माही गाडी कोणी लुटली नाई, अन् मी कोणाले ठोकलं नाई."

"मंग काय लिहिशील?"

"माह्या बीपीबद्दल लिहितो."

ते म्हणाले, "दिवाळीत लोक चकल्या खातात रे भाऊ. तू त्याईले मीठ कमी करा म्हणून सांगशील का?"

मी कोणाला काही सांगणार नाही. मला रक्तदाबाचा आजार आहे, मी रोज गोळी घेतो आणि हिंगणघाटहून कापसाच्या गाठी भरून आजही दक्षिणेत जातो, एवढंच मला लिहायचं आहे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, हे आमच्या धंद्यात पुष्कळ दिवस कोणाला पटत नव्हतं. ते पटवताना माझी गाडी हातची जायची वेळ आली होती. त्याची ही हकीकत.

माझे वडील जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. ज्या गाठी त्यांनी पाठीवर घेतल्या, त्याच आज मी गाडीत घेऊन जातो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. इंग्रजीच्या सरांनी कॉलेज सुटल्यावर थांबवून माझ्याकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घेतलं, म्हणून तो विषय सुटला. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. पदवीनंतर जिथे तिथे अर्ज केले, नोकरी लागली नाही, तेव्हा मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. नातेवाईक म्हणाले, शिक्षण वाया गेलं. मला तसं कधीच वाटलं नाही. लाइनवर, म्हणजे आमच्या ट्रकवाल्यांत, सगळे मला मास्तर म्हणतात. सुरुवातीला ते चिडवायला म्हणायचे. आता कोणाला माझं खरं नाव आठवत नाही.

गाठींचं काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपं वाटतं. कापूस म्हणजे हलका, अशी समजूत असते. पण सरकी काढून, दाबून, पट्ट्यांनी आवळलेली एक गाठ दोन धडधाकट माणसांपेक्षा जड असते. त्या थरावर थर रचतात, वरून ताडपत्री टाकतात आणि दोर ओढतात. दोर ओढायचा तो ड्रायव्हरनं स्वतः, कारण सैल राहिला तर भोगायचं त्यालाच असतं. गाडी उंच होते, वळणावर झुलते, आणि उतारावर मागचा सगळा माल ड्रायव्हरच्या पाठीला ढकलत राहतो. घाटात ड्रायव्हरचं डोकं आणि डोळे दोन्ही ताळ्यावर असायला पाहिजेत, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

माझा आजार कळला त्या वर्षी हंगाम जोरात होता. जिनिंगच्या आवारात सरकारी दवाखान्याचं तपासणी शिबिर लागलं. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर बीपीचं यंत्र, बाजूला एक सिस्टर. आणि आमचे सगळे ड्रायव्हर गाड्यांच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसलेले. माझ्या मानेच्या मागे सकाळी सकाळी ठणकायचं, म्हणून मी उठलो. नामदेवदादानं माझा हात धरला. नामदेवदादा म्हणजे माझ्यापेक्षा मोठा, माझ्याच शेठच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालकाच्या, दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर. आमच्या दोन गाड्या नेहमी जोडीनं चालायच्या.

"मास्तर, तिकडं जाऊ नको. दंडाले पट्टा बांधला का माणूस बिमार होते."

"अन् नाई बांधला तं?"

"नाई बांधला तं ड्रायव्हर राह्यते."

मी गेलो. सिस्टरनं बसवून ठेवलं, मोजलं, पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "दादा, दवाखान्यात या." दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी वेगवेगळ्या दिवशी बोलावून मोजलं आणि आजार पक्का झाला. मी घरी पोचायच्या आत बातमी शेठपर्यंत पोचली होती.

शेठ वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो. त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही बी.ए. झालेले. तुमाले गाडीवर ठेवलं हेच माहं चुकलं. आपले मुनीम दिवाकरजी घरी बसले, त्याईची जागा खाली हाय. ऑफिसात बसा. पंखा हाय, फोन हाय. गाड्या कुठं पोचल्या ते विचारत राहायचं. बस."

मी कप खाली ठेवला. तेव्हा ते म्हणाले, "बीपीवाला माणूस माह्या गाठी घेऊन घाट उतरून राह्यला, म्हटलं का मले झोप नाई यायची. चावी टेबलावर ठेवा."

आमच्याकडे गाडीची चावी ड्रायव्हरकडेच असते. घरी जाताना, लग्नाला जाताना, ती खिशात असते. शेठ चावी मागत नाहीत. ज्या दिवशी ते टेबलावर ठेवा म्हणतात, त्या दिवशी तो माणूस गाडीवरून उतरला.

मी विचार करतो म्हणून उठलो. चावी खिशातच होती.

घरी मायला सांगितलं तर तिनं देवापुढे साखर ठेवली. "माह्या पोराले खुर्ची भेटली. बापानं पाठीवर वाहिलं, पोरगा पंख्याखाली बसन." तिचा आनंद पाहून मला बोलवेना. सुनीता, माझी बायको, भाकरी थापत ऐकत होती. माय बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "तुमाले काय पाहिजे?"

"मले गाडी पाहिजे."

"मंग डॉक्टरले विचारा नं. बीपीचं शेठले काऊन विचारता?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रस्त्यावर नामदेवदादा भेटला. त्यानं वेगळीच माहिती दिली. "ती खुर्ची खाली काऊन झाली, ठाव हाय का तुले?"

"दिवाकरजी घरी बसले म्हणून."

"अन् घरी काऊन बसले? त्याच खुर्चीत पडले ते. बीपीनं." तो हसत सुटला. "अन् शेठ तुले तिथंच बसवून राह्यला."

डॉक्टर मॅडमना मी सरळ विचारलं, गाडी चालवू की नको. त्या म्हणाल्या, "आज नको. दाब आटोक्यात आला की चालवा. पण गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची, विशेषतः बरं वाटलं तर." आणि त्यांनी एक हद्द घालून दिली. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला, किंवा डोळ्यांपुढे धूसर झालं, तर गाडी जिथे असेल तिथे लावायची आणि दवाखाना गाठायचा. तिथे घासाघीस नाही.

पहिल्या गोळीनं दाब उतरला, पण मला सारखं लघवीला जावं लागायचं. वाचणाऱ्यांना ही बारीक गोष्ट वाटेल. गाठींची गाडी हायवेवर वाटेल तिथे उभी करता येत नाही. बहुतेक ड्रायव्हरांची औषधं इथेच सुटतात. गोळी घेतली की थांबावं लागतं, म्हणून लाइनवर असताना घ्यायची नाही, घरी आल्यावर घ्यायची. घरी आपण किती असतो? आणि डॉक्टरपुढे, त्यातही बाई डॉक्टरपुढे, हे बोलायची लाज वाटते, म्हणून कोणी बोलत नाही. डॉक्टरला वाटतं गोळी चालू आहे. मी बोललो. मान खाली घालून बोललो, पण बोललो. मॅडम म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" आणि त्यांनी औषध बदललं. नव्या गोळीच्या खोक्यातला बारीक इंग्रजी कागद मी घरी शब्द लावून लावून वाचला. सरांची फार आठवण आली.

नवी गोळी लागू पडेपर्यंत मी रजेवर राहिलो, मग शेठपुढे जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. शेठनी बराच वेळ कान खाजवला. मग म्हणाले, "ठीक हाय. पन माही एक अट. बीपीनं गाडी एकदा जरी रस्त्यात थांबली, तं चावी टेबलावर. मंग डॉक्टरचं नाव सांगू नका."

मी हो म्हणालो. मला दुसरा इलाज नव्हता.

त्यानंतर मी माझ्या पद्धतीनं गाडी चालवायला लागलो. रोज निघण्याआधी ड्रायव्हर टायर ठोकत गाडीभोवती फेरी मारतो. आवाजावरून हवा कळते. ही फेरी मी आयुष्यात चुकवली नाही, म्हणून गोळी तिलाच जोडली. शेवटचा टायर झाला की गोळी. गोळ्यांची पट्टी मी कॅबिनमध्ये लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. लपवलेली वस्तू विसरली जाते, आणि मला लपवायचीही नव्हती. बीपीचं छोटं मशीन घेतलं, ते सीटमागे ठेवलं.

जेवणावरून खरी लढाई झाली. माल खाली करायला तिकडच्या सूतगिरणीबाहेर रांगेत उभं राहावं लागतं, तेव्हा आपल्याकडचे ड्रायव्हर मिळून स्टोव्हवर स्वयंपाक करतात. भाजी नामदेवदादा करायचा. मीठ सढळ हातानं, वरून ठेचा, वरून लोणचं. मी माझी वाटी मीठ टाकायच्या आधी काढून घ्यायला लागलो.

"मास्तर, दवाखान्यातलं जेवन जेवून राह्यला का तू?"

"दवाखान्यात जायचं नाई म्हणून जेवून राह्यलो."

"तुह्या वाटीतली भाजी पाहून मलेच रडू येते बाप्पा."

त्याच्या गाडीत एक पत्र्याचा डबा असायचा. आमच्या लाइनवर जवळजवळ प्रत्येक गाडीत असतो. डोकेदुखी, सर्दी, पोट, सांधे, सगळ्याच्या सुट्या गोळ्या त्यात एकत्र. कोणाला काही झालं की डबा उघडायचा आणि सुपारी द्यावी तशी गोळी द्यायची. नको म्हटलं की माणूस दुखावतो. माझी पट्टी मी डब्यात टाकली नाही, तर नामदेवदादा म्हणाला, "गोळ्या बी एकटाच खाते का तू?"

मशीन कधी कधी दगा द्यायचं. एकदा तमिळ मुलखात त्याचे सेल संपले, म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला माझी भाषा येईना, मला त्याची. मी दंड पुढे करून फुस फुस आवाज काढला. त्यानं समजून मला बसवलं, बोटानं गप्प राहा म्हणून खूण केली, मोजलं, आकडा दाखवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पैसे दिले तर घेतले नाहीत. शेठला पटवायला मला किती बोलावं लागलं होतं. या माणसाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि एका फेरीत ते झालं.

गिरणीत कापूस संपत आला होता, माल ताबडतोब पाहिजे होता. आम्ही दोघं गाठी भरून निघालो. मला सर्दीनं बेजार केलं होतं. पांढरकवड्याच्या पुढे चहाला थांबलो, तिथे नामदेवदादानं डबा उघडला. "हे घे. अर्ध्या घंट्यात नाक मोकळं." भाजीवरून, पट्टीवरून त्याला इतक्यांदा नाही म्हटलं होतं, की या वेळी मी गोळी घेतली. दुपारपर्यंत त्यानं आणखी एक दिली. नाक खरंच मोकळं झालं.

आदिलाबाद मागे पडलं. निर्मलचा घाट पुढे होता. उन्हं तिरपी झाली होती आणि मला वाटलं, समोरची पाटी कोणी ओल्या फडक्यानं पुसली आहे. डोळे चोळले. अक्षरं तशीच पसरलेली. एक धाबा दिसला, तिथे गाडी बाजूला घेतली. गप्प बसून मशीन लावलं. आकडा मॅडमच्या हद्दीच्या बराच पुढे होता.

मागून नामदेवदादाची गाडी आली, थांबली. तो धावत आला.

"काय झालं?"

मी मशीन दाखवलं.

"डोक्यावर पाणी मार अन् चाल. घाट उतरला का आराम कर."

"घाट उतरनार नाई मी."

तो गाडीच्या पायरीवर चढला. शेठची अट त्याला माहीत होती. मग त्यानं आवाज खाली आणला. "मंग शेठले पंचर सांग. मी हो म्हनतो."

साधा उपाय होता. एका टायरची हवा सोडली असती की झालं. कोणाला कळलं नसतं. माझी चावी खिशात राहिली असती आणि मायला देवापुढे पुन्हा साखर ठेवायची गरज पडली नसती. पण बीपी असलेला माणूस गाडी चालवू शकतो, असं मी दोन वर्षं छाती पुढे काढून सांगत होतो. तो चालवू शकतो, कारण कुठे थांबायचं ते त्याला कळतं. आणि थांबायच्या दिवशी मी पंक्चर सांगितलं असतं, तर मी दोन वर्षं काय सांगत होतो?

मी तिथूनच शेठना फोन लावला. गाडी घाटाच्या अलीकडे सुखरूप उभी आहे, मी दवाखान्यात चाललो आहे, उद्या निघेन.

"थांबली ना शेवटी?" शेठ म्हणाले.

"थांबली नाई शेठ. मी थांबवली."

"एकच झालं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नामदेवदादा रागानं निघून गेला. त्याचा माल वेळेवर पोचला. मला धाबेवाल्यानं मोटारसायकलवर जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी झोपवून ठेवलं, औषध दिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, रोजच्या गोळीशिवाय आणखी काय खाल्लं? मी सर्दीचं सांगितलं. ते म्हणाले, "उसी से चढ़ा." सर्दीच्या काही गोळ्यांनी दाब वाढतो, बीपीवाल्यानं त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. दाब उतरला. त्यांनी परवानगी दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात मी तो घाट सावकाश उतरलो.

गिरणीच्या रांगेत नामदेवदादा होता. मी त्याला गोळीचं सांगितलं. त्या दिवशी भाजी त्यानं केली नाही, भूक नाही म्हणाला.

परत आलो तेव्हा ट्रान्सपोर्टच्या आवारात आमच्या दोन्ही गाड्यांत नवा माल भरायचं ठरलेलं होतं. मी ऑफिसात गेलो. नामदेवदादा माझ्यामागे दारात येऊन उभा राहिला.

शेठ म्हणाले, "मास्तर, अट आठवते ना?"

"आठवते."

"मंग ठेवा."

मी चावी काढली आणि टेबलावर ठेवली. शब्द दिला होता. पण गप्प राहणार नव्हतो. "शेठ, चावी ठेवली. आता एक सांगा. मी तशा डोळ्यांनी घाट उतरलो असतो अन् नशिबानं पोचलो असतो, तं तुम्ही मले शाबास म्हटलं असतं. थांबलो म्हणून उतरवून राह्यले. मंग ड्रायव्हर काय शिकतीन याच्यातून?"

"मले शिकवू नका," शेठ म्हणाले.

तेवढ्यात माझ्या चावीशेजारी दुसरी चावी पडली. नामदेवदादाची.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"मलेबी हाय. बीपी. तीन-चार सालापासून. डोकं जड झालं का डब्यातली एखादी खातो, नाई तं नाई. त्या दिवशी मास्तरले गोळी बी म्याच देल्ली, अन् पंचर सांग म्हणून बी म्याच म्हटलं." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मास्तर रोज खाते, मोजते, चढलं तं थांबते. मी काईच करत नाई. मंग त्याची चावी टेबलावर अन् माही खिशात, हे कोनतं गनित हाय शेठ?"

शेठनी खिडकीतून पाहिलं. बाहेर दोन्ही गाड्या धुऊन उभ्या होत्या.

"आनखी कोनाकोनाले हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"पट्टा फिरवा, समजन," नामदेवदादा म्हणाला. "पन मंग हा टेबल पुरनार नाई."

शेठनी बराच वेळ कान खाजवला. मग दोन्ही चाव्या बोटानं आमच्याकडे सरकवल्या. माल भरायला उशीर होतोय, एवढंच म्हणाले.

नामदेवदादा त्याच आठवड्यात डॉक्टर मॅडमकडे गेला. त्याच्या डब्यात आता फक्त लवंग आणि बडीशेप आहे. भाजीत मीठ मात्र तो अजून सढळच टाकतो, माझी वाटी आधी काढून. त्याच्याशी माझं भांडण चालू आहे आणि ते मी सोडणार नाही.

काही दिवसांनी शेठनी ऑफिससाठी एक मशीन आणलं. त्यांनी ते कोणासाठी आणलं हे सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मोजण्याआधी पाठ टेकून, पाय खाली ठेवून, गप्प बसावं लागतं. त्यासाठी बरी जागा एकच होती. दिवाकरजींची खुर्ची. तिच्यावर दुसरा कोणी कधी नेमला गेला नाही. आता गाडीवर निघणारा ड्रायव्हर आधी तिच्यात बसतो. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय श्वास न घेणारी ही माणसं तिथे तोंड मिटून पंख्याकडे बघत बसतात, ते पाहण्यासारखं असतं.

मायला मी सांगून टाकलं, की तुझ्या पोराला ती खुर्ची शेवटी मिळाली. ते खोटं नाही. प्रत्येक फेरीआधी मी तिच्यात बसतो. पंखा चालू असतो, टेबलावर फोन असतो. पाच मिनिटं बसतो, आकडा पाहतो, आणि उठून गाडीकडे जातो.